दोन प्रमेयं आणि एक लाल रेघ

साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की मला बारामतीतली एक दुपार आठवते. शाळेत मला गणित शिकवलेले, तेव्हा निवृत्त झालेले सर लोणी भापकरहून एसटीनं माझ्या खोलीवर आले होते. माझ्या संगणकावरच्या, सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्रॅमनं त्यांची वही तपासावी, एवढीच त्यांची हौस. मी वहीतली दोन प्रमेयं सिद्धतांसह टाइप केली, तर पहिल्याखालीच चूक दाखवणारी लाल रेघ उमटली; त्याच्या सिद्धतेत दुसऱ्याचा आधार घेतला होता. “अगं, दुसरं प्रमेय खाली लिहिलंय की! दिसत न्हाय व्हय त्याला?” “सर, तो वरून एकेक कमांड, म्हणजे इथं एकेक प्रमेय, वाचतो. ती पटली की लक्षात ठेवतो, मगच पुढची. खालचं त्याला अजून ठाऊकच नसतं.” मी दुसरं प्रमेय वर नेलं. आता लाल रेघ त्याच्याखाली आली, कारण त्याला पहिल्याचा आधार लागत होता. दोन्ही एकमेकांवरच उभी होती. सरांनी वही मिटून चष्मा काढला. या वयात त्यांचा अभिमान मी मोडला, असं वाटून मला रडू यायला लागलं. तेवढ्यात चष्मा पुसत ते म्हणाले, “इतकी वर्षं ही चूक कुणी दाखवली न्हाय. कोरा कागद हाय का गं?” आता मीही शिकवते. विद्यार्थ्यानं फळ्यावरची माझी चूक दाखवली की मी त्याला शाबासकी देते, पण आधी थोडा राग गिळावा लागतो.