दिवस आहे तोवर

सांगलीजवळच्या मळ्यात राहणाऱ्या सुकुमारआण्णांना चाळीस वर्षं दिवस कधी मावळतो याची फिकीर नव्हती. उसाला पाणी पाजायचं तर वीज रात्रीची. आण्णा दहाला घरी येत, नाहीतर बाराला. बायको पद्मावती नेमाची पक्की जैन, दिवस मावळल्यावर घास तोंडात घ्यायची नाही. पण नवऱ्याची चाहूल लागली की उठून तवा तापवायची आणि गरम भाकरी वाढायची. आण्णा खायचे, ढेकर द्यायचे आणि झोपायचे. ही बाई आपल्यासाठी जागी राहते, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पद्मावतीला विसर पडू लागला. आधी चष्मा विसरली, मग नातवंडं, शेवटी नवरा. नेम तेवढा राहिला, आणि दिवसाही ती धड जेवेना. वजन असंच उतरत गेलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून चार वाजले की आण्णांचा जीव खालीवर व्हायचा. पंचाहत्तरीचा गडी भाकरी थापायला शिकला; ती गोल कधी झाली नाही, तो भाग वेगळा.

"अंधार पडला तर लाइट लावा आन् दिवस हाय म्हणून सांगा. तिला काय कळतंय?" मुलगा गोमटेश फोनवर म्हणाला.

"तिला न्हाई कळत. मला कळतंय की रं," आण्णा म्हणाले.

त्या दिवशी सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. आण्णांनी दुधात कुस्करलेली भाकरी पुढे ठेवली, हातापाया पडले. ती मान हलवत राहिली.

"जेव की गं. दिवस मावळायला आलाय."

पद्मावतीने त्यांना निरखून पाहिलं. "मालक पाण्यावर गेल्यात. तुमी पावनं दिसतासा. लय दमलासा." तिने ताट त्यांच्याकडे सारलं. "तुमीच जेवून घ्या, दिवस हाय तवर."

आण्णांना चाळीस वर्षांच्या भाकऱ्या एकदम आठवल्या, आणि जिचे उपकार मानायचे ती समोर बसूनही तिथं नव्हती. तरी ते म्हणाले, "लय केलंस गं माझं."

पाहुण्याकडे बघून हसावं तशी ती हसली.

आपण खाल्लं तर तीही खाईल, या आशेने त्यांनी एक घास घेतला. दुसरा तिच्या ओठांशी नेला.

तिने दाराबाहेर बघितलं. उसाच्या शेंड्यांवरचं ऊन गेलं होतं.

"आता न्हाई," ती म्हणाली, आणि पाहुण्यासाठी पाण्याचा तांब्या भरायला उठली.