शेळ्यांमध्ये पहिली आलेली कुमुद

ब्लॉगची हवा आमच्या औंढ्यापर्यंत पोचली त्या वर्षी, इंटरनेटवर शेळ्यांमध्ये माझी बायको पहिली आली.

हसू नका. (हसा, माझं काय जातं? तेव्हा घरात हसायला दुसरं होतं तरी कोण!) कुमुद लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती सव्वा महिन्याच्या बोलीवर. मग म्हणाली, बाळाला बसता येऊ द्या. मग म्हणाली, रांगू द्या. मला वाटलं, आता त्याला नोकरी लागेपर्यंत काही ही येत नाही! मी गुरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेलो. खानावळीचा डबा यायचा, तो मी टीव्हीवरच्या बातम्यावाल्या बाईशी बोलत खायचो. संध्याकाळी घर खायला उठायचं.

म्हणून बसस्टँडसमोरच्या सलीमभाईच्या नेट कॅफेत जाऊन बसू लागलो. त्यानंच मला ब्लॉग काढून दिला. जन्मभर शेळ्यांना सुया टोचलेला माणूस लिहिणार कशावर? शेळ्यांवर! 'शेळीचं पोट फुगलं तर', 'म्हातारी शेळी कळपातून कधी काढावी' असे लेख पडले आणि परभणी-वाशिमपर्यंतचे लोक वाचू लागले.

मग एक दिवस धीर करून कुमुदवर लिहिलं. तुझ्याविना करमत नाही, असं फोनवर म्हणायची आमच्यात पद्धत नाही. (शिवाय मी फोन केला की बाळ रडायचंच!) म्हटलं, जावई दिवसभर कॉम्प्युटरपुढे असतात, कधीतरी त्यांना सापडेल, ते वाचून दाखवतील, आणि कुमुद पिशवी भरून निघेल. लेखाला नाव दिलं 'कुमुद'. वाचक आला एक. तोही मीच.

"सलीमभाई, ह्यो लेख काहून कोणाला सापडून न्हाई राहिला?"

त्यानं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "साब, आपने भाभी को 'किरकोळ' में डाला है!"

खरंच की! ब्लॉगवर कप्पेच दोन होते, शेळीपालन आणि किरकोळ.

"किरकोळ को कौन पूछता, साब? जो कप्पा चलता, उसीच में डालो. लेख के पत्ते में भी कप्पे का नाम आता. सर्च वाला पत्ता भी देखता. भाभी एकदम ऊपर!"

झालं! कुमुदला उचलली आणि शेळीपालनात टाकली. लेखाचा पत्ता असा झाला: ब्लॉगचं नाव, तिरकी रेघ, शेळीपालन, तिरकी रेघ, कुमुद. थोड्याच दिवसांत शेळी शोधणाऱ्या प्रत्येकाला आधी माझी बायको दिसू लागली.

लोक नुसतं वरवर चाळतात, हे मला तेव्हा कळलं. लेखाखाली प्रश्नांची रांग! "कुमुद उस्मानाबादी हाय का बेरारी?" "दोन्ही वेळचं मिळून दूध किती?" मी लिहिलं होतं, आवाज मोठा आहे पण माया लावते. त्यावर एकानं सल्ला दिला, "लई वरडत असंल तं जंताचं औषध पाजा." सेनगावकडच्या एकाचा तर फोनच आला.

"साहेब, कुमुद देऊन टाकायची असंल तं सांगा. आमी टेम्पो घेऊन येतो!"

"अहो, ती माझी मंडळी हाय!"

"असू द्या की. आमी बी घरच्यासारखंच पाळतो!"

आणि मग पुण्याहून कुमुदचा फोन. जावईबापूंनी हापिसात सहज माझं नाव टाकून शोधलं होतं.

"अवो, मला शेळ्यात काहून टाकलं?"

"अगं, वर यावं म्हणून!"

"वर? आन् माझ्या खाली काय हाय? 'हेही वाचा: म्हातारी शेळी कळपातून कधी काढावी'! जावयानं वाचलं ते, जावयानं!"

"ते आपोआप येतं गं. एकाच कप्प्यातलं म्हणून..."

"मी आता येतच न्हाई. सांभाळा तुमच्या शेळ्या!" मग आवाज एकदम खाली आला. "ते घर खायला उठतं म्हणून लिहिलंय, ते खरं हाय का?"

मी व्हय म्हणणार, तेवढ्यात बाळ रडलं. तिनं फोन ठेवला.

मी तडक कॅफेत गेलो. 'कुटुंब' नावाचा नवा कप्पा काढला आणि कुमुदला शेळ्यांतून सोडवून त्यात नेऊन बसवली. कप्पा बदलला की पत्ताही बदलतो, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही! तिकडे कुमुदचा राग उतरला होता. तिनं शेजारणींना बोलावून कॉम्प्युटरपुढे बसवलं. "बघा, आमच्या ह्यांनी माझ्यावर काय लिहिलंय!" जावयांनी जपून ठेवलेला जुना पत्ता उघडला. पांढऱ्याफटक पानावर एकच ओळ आली: हे पान अस्तित्वात नाही.

"पुराने पते पे नए घर की पाटी लगानी थी, साब," सलीमभाई नंतर म्हणाला. नंतर शहाणे सगळेच होतात.

कुमुदनं पुढचीच बस धरली. पिशवीसकट दारात उभी! "मी रागावले तं डायरेक्ट पुसूनच टाकलं व्हय मला? शेजारणींसमोर?" मी पत्त्याचं समजावायला गेलो, पण ऐकते कोण? भांडत भांडत तिनं घर झाडलं, भांडत पिठलं टाकलं, भांडतच वाढलं. आठवडाभर गल्लीला दुसरी करमणूक लागली नाही. खरं सांगतो, इतका सुखी मी लग्नाच्या वर्षीही नव्हतो.

मग बाळाला दात येऊ लागले आणि ती परत गेली. बस वळणाआड गेली तसा मी घरी न जाता कॅफेतच शिरलो.

सलीमभाई खुशीत होता. "साब, नया पत्ता बराबर चल रहा. भाभी फिर ऊपर आ रही!"

म्हटलं, "वर येणं मरू द्या, सलीमभाई. ते पान पुन्हा मोडायचं कसं, तेवढं सांगा!"