सात विसा सात

साल दोन हजार बावीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा माझी दुसरीत सुटली, पण मोजण्यात मी कुणाला हार जात नाही. आमचा बाप विसाविसानं मोजायचा, मी पण तसंच मोजतो. विसा किती आणि वर सुटे किती, एवढंच बघायचं.

बऱ्याच वर्षांमागं पोरीच्या साखरपुड्यात व्याह्यानं विचारलं, "पावणं, जेवणाची पानं किती उठली?"

"सहा विसा तेरा."

तो मांडी थोपटून हसला. "आन् शंभर कुठं हरिवलं? तुमच्या मंगळवार पेठेत इकत मिळत न्हाय व्हय?"

सगळा मांडव हसला. त्यांच्या भाऊकीत मी 'विसावालं पावणं' झालो ते झालोच. पोर त्या घरात द्यायची होती म्हणून गिळलं. पचवलं मात्र नाही.

तर त्या बावीस साली राधानगरीकडं त्यांच्या गावच्या जत्रेला गेलो. तिथं देवीपुढं ठेवलेले नारळ भाऊकीच्या एकवीस घरांत सारखे वाटतात. एक उरला किंवा एक कमी पडला, तर वाटणाऱ्याचा मान जातो आणि दुसऱ्या घराला मिळतो. दुकानातला नारळ आणून भर घालता येत नाही, देवीपुढचाच लागतो. मान माझ्या व्याह्याचा, बापापासून चालत आलेला.

त्यानं ढीग मोजला. "एकशे शेचाळीस! बसतंय की!"

मी मनात मोजलं. सात विसा सहा. आता प्रत्येक विसाला एक सुटा जोडला की एकवीस होतात. म्हणजे विसा आणि सुटे सारखे आले, तर एकवीस घरांत वाटणी चोख बसते. इथं विसा सात, सुटे सहा. अडलं.

"पावणं, एक कमी पडतोय," मी म्हणालो.

"ऐकलं का! विसावालं बोललं!" भाऊकी खिदळली.

मी मांडी घालून बसलो. एकेका घराला सात नारळ देत तो शेवटच्या घरापाशी आला आणि हातात राहिले सहा. त्या घरची म्हातारी पदर पसरून उभी. मागनं कुणीतरी म्हणालं, "गेला मान."

सकाळी देवीपुढं ठेवलेला माझा नारळ पुजाऱ्यानं मला परत दिला होता. तो मी पिशवीतनं काढून मांडीवर घेतला.

"द्या की, पावणं," व्याही हळूच म्हणाला.

"देतो. आधी सगळ्यास्नी सांगा, हा धरून किती झालं. माझ्या मोजणीनं."

"आबा!" माझी पोर देवळाच्या दारातनं ओरडली. मी तिकडं बघितलंच नाही.

व्याही जमिनीकडं बघत पुटपुटला.

"मांडवात मोठ्यानं बोलला होता की!" मी म्हणालो.

"सात विसा सात!" तो ओरडला. आता भाऊकी त्याला हसली. ते हसणं पोटभर ऐकलं आणि मगच नारळ म्हातारीच्या पदरात टाकला.

रातभर घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. मला झोप मात्र झकास लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीनं भाकरी बांधून पुढ्यात ठेवली. "आबा, पयल्या गाडीनं जावा." मी पिशवी खुंटीला अडकवली आणि व्याह्याला अंघोळीचं पाणी काढायला सांगितलं.