बॉनेटवरची गोधडी

कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती दिली, म्हणजे ह्यांच्या इच्छेचा प्रश्नच नव्हता. आलेल्या पैशांतून ह्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली आणि हिंजवडीच्या एका कंपनीतल्या मुलामुलींची सकाळची ने-आण सुरू केली. दिवाळीपर्यंत बरं चाललं. थंडी पडली आणि गाडी रुसली. पहाटे चालू व्हायची, खडकीच्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायची आणि मान टाकायची. दुपारी मात्र शहाण्यासारखी चालायची. दोनदा उशीर झाल्यावर कंत्राटदारानं बजावलं, पुन्हा असं झालं तर गाडी आणूच नका.

गल्लीत सल्ल्यांना तोटा नव्हता. डिझेल गोठतंय, असं शेजारच्या काकांनी ठरवूनच टाकलं.

"पुण्यात?" मी विचारलं.

"मग तुम्हीच करा दुरुस्त," काका म्हणाले.

तरी मी माझी चांगली गोधडी बॉनेटवर घातली आणि आम्ही दोघं चादरीत कुडकुडलो. सकाळी गाडी आपली तशीच. कारखाना सुटल्यापासून हे कुणाचंही मुकाट ऐकून घ्यायचे. मला गाडीपेक्षा त्याचाच जास्त राग यायचा.

त्या संध्याकाळी मात्र ह्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून हातभर पारदर्शक नळी आणली आणि फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या काळ्या पाइपच्या जागी बसवली, गाडी चालू करून ती डिझेलनं भरल्याची खात्री केली. पहाटे मला उठवलं.

"बॅटरी धर."

उजेडात पाहिलं तर नळीत डिझेलच नव्हतं. रात्रीतून ते मागं टाकीकडे उतरून गेलं होतं.

"कुठून तरी हवा शिरतेय," हे म्हणाले. मग डोळे मिटून टाकीकडच्या रबरी पाइपवरून बोटं फिरवत गेले आणि एका जोडापाशी थांबले. तिथलं रबर जुनं होऊन कडक झालं होतं. गारठ्यानं आखडलं की फट पडायची, ऊन लागलं की बुजायची. माझ्या भाजीच्या सुरीनं तेवढं टोक कापून ह्यांनी पाइप पुन्हा चढवला, पट्टी आवळली.

"आता फिल्टरवरचा हा पंप दाब."

आधी तो पोकळच लागला. मी दाबत राहिले. नळीतून डिझेल चढू लागलं. आधी नुसता फेस, मग एखाददुसरा बुडबुडा, मग काहीच नाही. नळी भरली आहे की रिकामी, कळू नये इतकं ते नितळ होतं. तळव्याखाली पंप घट्ट झाला आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढ्याशा हवेनं आमची चूल अडवून धरली होती, आणि ती ह्यांनी नुसत्या बोटांनी पकडली.

गाडी चालू झाली ती बंद पडलीच नाही. हे वेळेवर गेले. मी हातात बॅटरी घेऊन कितीतरी वेळ गल्लीत उभी होते. इतकी वर्षं ह्यांचा डबा भरला, कपड्यांवरचे तेलाचे डाग घासले, पण ह्यांना काम करताना कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी चहा देताना मी विचारलं, "कारखान्यात तुम्ही नेमकं काय करायचात हो?"

"हेच," ते म्हणाले. "हवा शोधायचो."