बोचक्यांसाठी तीस पलंग

"फुल्ल आहे, अक्का," असं मी सलग चौथ्या संध्याकाळी सांगितलं.

अक्का निवारा केंद्राच्या पायरीवर बसली होती. वय सत्तरच्या आसपास, पारोळ्याकडची, दमेकरी. सरकारी दवाखान्यातून तिला नुकतंच सोडलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "हिला उघड्यावर झोपू देऊ नका. या थंडीत पुन्हा अटॅक आला तर मी काही सांगू शकत नाही." आणि ती झोपत होती बसस्टँडच्या फलाटावर.

"आज बी नई का रे भाऊ?" ती म्हणाली. रागावली नाही. पदर कानावरून घट्ट गुंडाळला आणि निघाली. तिच्या न रागावण्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत समुदाय संघटक आहे. पद भारदस्त, काम साधं. शहरात ज्यांना घर नाही त्यांना शोधायचं आणि निवारा केंद्रात आणायचं. निवारा केंद्र म्हणजे दोन हॉल, एक पुरुषांचा, एक बायकांचा. मिळून तीस पलंग, तीस ब्लँकेट. संध्याकाळी आठला हजेरी, दहाला गेट बंद, सकाळी सहाला उघडणार. कापूस वेचणीचा हंगाम आणि थंडी एकदमच आली, तसं हजेरीत रोज तीसच्या तीस नावं लागू लागली.

मी मुख्याधिकारी मॅडमकडे गेलो.

"मॅडम, दहा पलंग तरी वाढवा."

"कुठे टाकू? माझ्या केबिनमध्ये?"

"शाळेचा हॉल?"

"परीक्षा आहेत."

"समाजमंदिर?"

"लग्नतिथी बघितल्यात का तुम्ही? तुम्ही नीट अहवाल द्या. किती लोक, कुठले, किती दिवस राहतात. मग वर मागणी करते."

अहवालासाठी माहिती हवी म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहालाच केंद्रावर गेलो. एरवी मी संध्याकाळी हजेरीलाच जायचो. हॉलमध्ये शिरलो आणि थबकलो. बऱ्याच पलंगांवरच्या चादरींना सुरकुतीसुद्धा पडलेली नव्हती. पलंगावर मध्यभागी गाठोडं, खाली पातेली, कुऱ्हाड, पिठाचा डबा. एका पलंगाच्या पायाला कोंबडी बांधलेली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच परवानगीशिवाय आत आलोय.

केंद्र सांभाळणारे सुपडूभाऊ चहाचं पातेलं घेऊन आले.

"सुपडूभाऊ, ही माणसं कुठं गेली?"

"कामाला गेले साहेब."

"गेट तर आत्ता उघडलं तुम्ही."

सुपडूभाऊ चहा ढवळू लागले. चहात साखर आधीच विरघळली होती.

"हजेरी लावून जेवायला बाहेर जातात," ते शेवटी म्हणाले. "येतात म्हणतात. आता मी काय प्रत्येकाच्या मागे काठी घेऊन फिरू? हजेरीला तीस असतात, सकाळच्या चहाला अठरा."

मला खरंच कळेना. फुकट पलंग, वर ब्लँकेट, बाहेर कडाक्याची थंडी. असं असताना माणूस पलंग अडवतो आणि झोपायला दुसरीकडे जातो? पण कुतूहल वाटण्याआधी माझं सरकारी डोकं चाललं. फळ्यावर नोटीस लावली: रात्री गैरहजर राहणाऱ्याचा पलंग रद्द.

नोटीस चालली. त्या रात्री तीसही जण मुकाट्यानं आत झोपले. सकाळी सहाला गेट उघडलं तर त्यातले बारा जण पळतच सुटले आणि तासाभरात परत आले. दिवसभर हॉलच्या भिंतीला टेकून बसून राहिले. कुणी माझ्याशी भांडलं नाही. माझ्या नोटिशीनं बारा जणांची रोजी बुडाली होती आणि अक्काला पलंग मिळाला नव्हता तो नव्हताच. एका दगडात दोन पक्षी म्हणतात, माझा दगड माझ्याच पायावर पडला.

संध्याकाळी अक्का आली. मी फळ्यावरची नोटीस काढत होतो. तिनं दारातून हॉलमध्ये डोकावून पाहिलं.

"कालदिन लोके व्हतात," ती म्हणाली. "नई तर पलंगवर माणूस कोठे ऱ्हास? बोचकं झोपेल ऱ्हास."

"मग माणसं कुठं झोपतात?"

"चौफुलीवर. जा, देखी ये. बठ्ठा तठेच ऱ्हातस."

दिवेलागणीला स्कूटर काढून गावाबाहेरच्या चौफुलीवर गेलो. बंद पडलेल्या वजनकाट्याच्या शेडखाली शेकोट्या पेटलेल्या. गुमानभाऊ तिथं भाकरी खात बसले होते. चोपड्याच्या वरच्या अंगाला सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. घरच्या कोरडवाहू शेतातलं काम संपलं की कुटुंब घेऊन वेचणीला खाली उतरतात. हजेरीत त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं नाव रोज असायचं.

"बसा साहेब," ते म्हणाले आणि बायकोनं पोतं अंथरलं.

मी विचारलं, त्यांनी सांगितलं. मुकादमाची पिकअप पहाटे चारला येते. चौफुलीवर जो असेल त्याला घेते आणि निघून जाते. हाक मारत नाही, थांबत नाही. म्हणून झोपायचं इथंच.

"मग पलंग कशाला घेता?"

"इथं सामान कुठं ठेवू? मागच्या साली पूर्ण ज्वारी गाईंनी खाल्ली. भांडी चोरीला गेली. तुमच्याकडं कुलूप आहे, सुपडूभाऊ आहे. पण सामानाला जागा पाहिजे तर माणसाचं नाव लिहावं लागतं. मग लिहिलं."

"मी गेट साडेतीनला उघडायला लावतो. मग तर येऊन झोपाल?"

गुमानभाऊ बायकोकडे बघून हसले. "तुमच्याकडं ही एका खोलीत, मी दुसऱ्या खोलीत. पोरं रडतात. इथं आम्ही पाच जण दोन गोधड्यांत झोपतो. थंडी नाही लागत."

म्हणजे या माणसांना पलंग नकोच होता. त्यांना हवं होतं कपाट. आणि आमच्याकडे ते मिळवायचा एकच रस्ता होता, बेघर म्हणून पलंग घ्यायचा. चूक त्यांची नव्हती.

दुसऱ्या दिवशी केळीच्या एका व्यापाऱ्याला फोन केला. आमच्याकडे केळी भरायचे प्लास्टिकचे क्रेट असतात. कडा तुटल्या की गोडाऊनच्या मागे ढीग पडतो. "घेऊन जा भाऊ, जागा तरी मोकळी होईल," तो म्हणाला. सुपडूभाऊंनी ते व्हरांड्यात आडवे रचले, तारेनं एकमेकांना बांधले, पुढं जाळीचं दार आणि त्याला कुलूप. प्रत्येक कप्प्याला नंबर, त्यावर कुटुंबाचं नाव. पलंग घेण्याची अट नाही. कोंबडीला वेगळा कप्पा द्यावा लागला, त्याबद्दल सुपडूभाऊ अजून कुरकुरतात.

त्याच संध्याकाळी बारा पलंग मोकळे झाले. पाच बायकांच्या हॉलमधले. भिंतीकडेचा, वारं न लागणारा पलंग अक्काला दिला. तिनं आधी हातानं गादी दाबून पाहिली, मग आडवी झाली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. मला इतकं बरं वाटलं की मी उगीचच तिथं उभा राहिलो. शेवटी सुपडूभाऊंनी "बायकांचा हॉल आहे साहेब" म्हणून मला बाहेर काढलं.

मॅडमनी विचारलं, "किती पलंग वाढवले?"

"एकही नाही. क्रेट वाढवले."

"ते कुठल्या रकान्यात लिहायचं?"

आम्ही दोघांनी बराच वेळ तो तक्ता पाहिला. शेवटी 'इतर'मध्ये लिहिलं.

अक्का होळीपर्यंत आमच्याकडे होती. थंडीत पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं नाही. एकदा सकाळी चहा पिताना मी तिला विचारलंच, "अक्का, तुला सगळं दिसत होतं. मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? इतक्या रात्री थंडीत काढल्यास."

"तू माले इचारं का?" ती बशीत चहा ओतत म्हणाली. "आधार कार्ड इचारं, गाव इचारं, पोऱ्या कोठे शे इचारं. लिखी लिधं आनि सांगं, फुल्ल शे."

 केंद्राच्या प्रवेश अर्जात मी आता पेनानं एक ओळ वाढवतो: सामान कुठं ठेवता? वरून अजून कुणी हरकत घेतलेली नाही. बहुधा कुणी वाचलेलं नाही.