न बोलण्याचा सराव

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात न विचारलेल्या प्रश्नाचं संपूर्ण उत्तर देणारा माणूस एकच, आणि तो माझा मेव्हणा आहे. सरकारी मेडिकल कॉलेजात तो शिकवतो. एकदा रिसोडला आमच्याकडे येताना एसटीत शेजाऱ्याला उचकी लागली, तर याने श्वासपटलापासून सुरुवात केली. उचकी अर्ध्या वाटेत थांबली, व्याख्यान थांबलं नाही. तो गृहस्थ रिसोडच्या अलीकडेच उतरून गेला. माझ्या आईला चक्कर यायची, म्हणून तिला त्याने तासभर कानाची आतली रचना समजावली. आई शांत झोपली. चक्कर मात्र राहिली.

अशा माणसाला कॉलेजने सांगितलं, की यापुढे व्याख्यानं कमी; वर्गात एकेका रुग्णाची हकिकत मांडायची, निदान मुलांनीच शोधायचं, सरांनी फार तर एखादा प्रश्न टाकायचा. उपवास घडल्यासारखा चेहरा करून तो आमच्याकडे आला. "भाऊजी, मी गप्प बसलो तं पोरं म्हणतील, सरले काईच येत नाई!" त्याला खरीच धास्ती होती. बायको म्हणाली, "मंग इथंच सराव कर. आईले नुसतं विचार. सांगू नको काई."

"चक्कर कवा येते, आई?"

"दुपारून. उठलं का घर फिरते, बाप्पा."

त्याचं तोंड उघडलं. बायकोने डोळे वटारले. त्याने पोह्यांचा मोठा घास कोंबला. आईने मग सोयाबीनच्या भावापासून शेजारच्या सुनेपर्यंत सगळं सांगितलं. माझ्या हिशेबाने त्यात कामाचं काहीच नव्हतं. पोहे संपले.

"पानी किती पेता?"

"सकाळी गिलासभर. मंग नाई. पानी पेलं का संडासले जा लागते. तो आंगनाच्या पार टोकाले, अन् हे गुडघे!"

एकाच घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. मेव्हणा गप्प होता, आणि या वेळी त्याच्याकडे कोणी डोळे वटारले नव्हते.

आईच्या खोलीला लागून संडास बांधला, तिचं पाणी वाढलं, चक्कर गेली. मेव्हण्याचा वर्गही रंगतो म्हणे. पोरं निदानावरून भांडतात आणि हा खिशातल्या बडीशेपेवर तग धरतो. तयारीपायी त्याच्या इकडच्या फेऱ्या मात्र कमी झाल्या.

परवा रविवारी आई दाराकडे बघत म्हणाली, "मले चक्कर येऊन राह्यली. डाक्टरले फोन लाव."

"पानी पेली का?" मी विचारलं.

"चांगलं दोन गिलास."

"मंग कायची चक्कर?"

"तुले काय समजते? त्याले विचारू दे."