अकराशे फूट आणि एक वीत

माझ्या वडिलांशी मी आठ वर्षं खोटं बोललो, आणि तेही ओरडून. ही गोष्ट आजवर मी कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. (तिला सांगितली असती तर ती केव्हाच आमच्या साऱ्या रावपुरा पेठेत पोचली असती आणि मला लिहायचे कष्ट पडले नसते.)

आबा, म्हणजे माझे वडील, महाराजांच्या तोफखान्यात जमादार होते. एका दसऱ्याला सलामीची तोफ वेळेआधी उडाली. आबा तेव्हा इशाऱ्याचा हात वर धरून तोफेच्या तोंडाशेजारी वाकलेले. उजव्या कानाचा पडदा तिथल्या तिथे फाटला. डावा वर्षभर वाहत राहिला आणि मग तोही बसला. आबांनी कधी कोणाला दोष दिला नाही. "माझंच चुकलं. तोफेजवळ माणसानं बघून वाकावं," एवढंच म्हणत.

डाव्या कानाशी वीतभर अंतरावरून कोणी जाड आवाजात ओरडलं, तरच थोडंफार आत पोचे. आईचा आवाज बारीक, तो मुळीच पोचत नसे. (असं आबा म्हणत. आईला संशय होता.) घरात जाड आवाज माझा एकट्याचा. तेव्हा जगानं आबांना जे सांगायचं ते मला सांगावं आणि मी ते त्यांच्या कानात ओरडावं, अशी वहिवाट पडली.

आणि मी ते थोडक्यात ओरडू लागलो.

काय करणार! शाळेत दिवसभर मुलांना शिकवून घसा बसलेला, त्यात घरी आल्यावर आई सुरू व्हायची. "यांना सांग, कौलं फुटलीत, शाकारणाऱ्याला सांगून आठ दिवस झाले, तो येत नाही, हे जाऊन विचारत नाहीत, पाऊस तोंडावर आलाय, आणि काल माझ्या बहिणीसमोर हे चक्क घोरत होते!"

मी आबांच्या कानात ओरडे, "कौलं!"

"बघू," आबा पुटपुटत.

"काय म्हणाले रे?" आई चुलीपासून विचारे.

"फार वाईट वाटलं म्हणाले."

संसार सुखाचा चालला होता.

शाळेत मी पदार्थविज्ञान शिकवत असे. ध्वनीचा धडा माझा हातखंडा. "मुलांनो, दसऱ्याच्या गर्दीत मागच्यानं धक्का दिला की काय होतं? तो पुढच्याला बसतो, पुढचा त्याच्या पुढच्याला देतो. माणसं जागच्या जागी हलतात, धक्का मात्र पार स्वारीच्या हत्तीपर्यंत जातो! हवेचे कण असेच. हवेतून हा धक्का धावतो सेकंदाला अकराशे फूट. तो कानाच्या पडद्यावर आदळतो, पडदा थरथरतो. पडद्यामागे तीन इवलीशी हाडं आहेत. ती तो धक्का हातोहात आत पोचवतात, गोगलगाईच्या शंखासारख्या पोकळीत. तिथून मज्जातंतू मेंदूला वर्दी देतो. झालं, ऐकू आलं!"

(त्या तीन हाडांपैकी एकानंही कधी "थोडक्यात सांगतो" म्हटल्याचं ऐकिवात नाही. हे मला आज सुचतं. तेव्हा सुचलं नाही.)

एका रविवारची गोष्ट. दुसऱ्या दिवशी शाळेत डेपोटीसाहेबांची तपासणी होती. मी ओसरीवर नादकाटा घेऊन बसलो होतो. नादकाटा म्हणजे दोन पायांचा पोलादी चिमटा. ठोकला की थरथरतो आणि गुंजतो. त्याचं टोक वाडग्यातल्या पाण्याला लावलं की पाणी तुषारांसारखं उडायला हवं, म्हणजे आवाज ही थरथर आहे हे साहेबांच्या डोळ्यांना दिसेल. पण पाणी काही उडेना.

तेवढ्यात दाजिबाकाका आले. ते आबांच्या हाताखाली तोफेला बत्ती द्यायचे. पेन्शनीत निघाल्यावर वासण्याला राहत आणि दर रविवारी काठी टेकत, नदी ओलांडून, आबांना भेटायला येत. दोघं समोरासमोर तंबाखू मळत बसत. बोलणं जवळपास नाहीच. मला तर असा पाहुणा फार आवडे!

त्या दिवशी मात्र ते बसले नाहीत. काठी खांबाला टेकवून उभेच राहिले.

"मास्तर, जमादारांना आज एक सांगायचंय. नीट सांगा."

"बोला काका," नादकाट्यावरची नजर न काढता मी म्हणालो.

"त्या दसऱ्याला त्यांचा इशाऱ्याचा हात खाली यायच्या आधी मी बत्ती दिली. माझं ध्यान हत्तीकडे होतं. त्यांचे कान माझ्यामुळं गेले. इतकी वर्षं बोलायची छाती झाली नाही. त्यांना विचारा, मला माफी आहे का."

म्हातारा रडत होता. रडणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघायचं कसं ते मला कळेना. आणि असलं वाक्य ओरडायचं कसं? शेजारच्या मणिबेन अंगणात पापड वाळत घालत होत्या, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असतं! ही झाली सभ्य सबब. खरी सबब अशी, की वाडग्यातलं पाणी नुकतंच छान उडायला लागलं होतं.

मी आबांच्या कानाशी वाकलो आणि ओरडलो, "फार उकडतंय म्हणतात!" तोफेनं दाजिबाकाकांचेही कान जड केलेले, त्यात ते हुंदके देत होते; माझे शब्द त्यांना कळले नाहीत.

आबांनी दाजिबाकाकांच्या ओल्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना तो घाम वाटला. कुरकुरणाऱ्या माणसाचा आबांना पहिल्यापासून तिटकारा. जमादारी आवाजात ते कडाडले, "म्हणून इथं येऊन रडगाणं गायचं? सगळे सोसतात, तसं तूही सोस!"

दाजिबाकाका ताठ झाले. त्यांनी जमादारांना मुजरा केला, आणि निघून गेले. काठी खांबाशी तशीच राहिली.

मी तेव्हाच मागे धावायला हवं होतं. मी पाणी उडवत बसलो.

पाणी उडालं म्हणून अंगात उत्साह आला, आणि मी नादकाटा ठोकून आबांच्या कानासमोर धरला. काही नाही. मग त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली. आबा उडालेच!

"अरे, देवळातली घंटा!"

मी हर्षानं ओरडलो. (सवयीनं.) म्हणजे आतला शंख शाबूत होता, फक्त वाटेतला पूल मोडला होता, आणि कवटीच्या हाडातून दुसरा रस्ता होता! मी इकडे तिकडे पाहिलं. दाजिबाकाकांची काठी दिसली. तिचं एक टोक आबांच्या दातांत दिलं, आईला बाहेर बोलावून दुसरं तिच्या हनुवटीखाली टेकवलं आणि म्हटलं, "आई, बोल."

आठ वर्षांनी नवऱ्याशी थेट बोलायची वेळ आलेली. बिचारी गोंधळली. इतकं साठलेलं, पण तोंडातून एकच शब्द फुटला, "कौलं!"

आबांनी काठी तोंडातून काढली. "हिचा आवाज अजून तसाच आहे रे," ते म्हणाले, आणि उपरण्यानं चष्मा पुसतोय असं दाखवत बसले. चष्मा डोळ्यांवरच होता, ते उपरण्यानं दुसरंच काहीतरी पुसत होते.

त्यानंतर आबांना आवरणं कोणाला शक्य नव्हतं. काठी दातांत धरून ते कुंपणाशी गेले आणि दुसरं टोक मणिबेनच्या हनुवटीला लावलं.

"अरे भाई, आ शुं करो छो!" हे काय करताय म्हणून मणिबेन किंचाळल्या.

काठी काढून आबा ओरडले, "शुं करो छो म्हणाल्या! अगदी स्पष्ट!"

सोमवारी तपासणी रंगात आली असताना वर्गाच्या दारात सहा फुटी माणूस उभा राहिला, दातांत आडवी काठी. कोणी काही म्हणायच्या आत तिचं टोक डेपोटीसाहेबांच्या गळ्याशी! शिपाई "खून! खून!" करत बाहेर पळाला. साहेब हललेसुद्धा नाहीत. (हलायला जागा नव्हती, मागे फळा होता.)

"को... कोण आपण?"

आबांनी काठी काढून सलाम ठोकला. "तोफखाना जमादार, पेन्शनीत! बोला साहेब, आवाज झकास आहे आपला!"

साहेबांना सगळं कळल्यावर त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, की हे शिक्षक शास्त्राचा उपयोग घरच्या माणसांच्या सुखासाठी करतात. त्या शेऱ्यावर मी पुढे मुख्याध्यापक झालो.

घरी परतताना आबा म्हणाले, "आता दाजिबाला बोलाव. त्याच्याच काठीनं त्याचं ऐकायचंय मला."

ही काठी दाजिबाकाकांच्या हनुवटीला लागली, की ते वाक्य सबंध येणार, आणि त्यात उकाड्याचं नावही नसणार! मी काठीचं टोक माझ्याच हनुवटीला लावलं आणि म्हणालो, "काका गावाला गेलेत."

माझं खोटं त्यांच्यापर्यंत पहिल्यांदाच अक्षरन् अक्षर पोचलं.

आबा कितीतरी रविवार विचारत राहिले. दाजिबाकाका आले नाहीत, आणि आबांना एकट्यानं वासण्याला जायचं बळ उरलं नव्हतं. शेवटी एकदा म्हणाले, "रागावला असेल. साध्या उकाड्यावरून बोललो त्याला मी." त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. गेल्या वर्षी आबा गेले. काठी माझ्या खोलीच्या कोपऱ्यात आहे. तिच्या एका टोकाला दातांच्या खुणा आहेत.

दाजिबाकाका अजून आहेत, वासण्यालाच. पुष्कळ थकलेत, आणि ऐकतो की आता त्यांना मुळीच ऐकू येत नाही. आयुष्य तोफेशेजारी काढलेलं, दुसरं काय होणार! म्हणजे मला जे सांगायचं ते त्यांच्या दारात उभं राहून, जाड आवाजात ओरडावं लागणार. सगळं वासणं ऐकणार. आणि या खेपेला थोडक्यात भागणार नाही.

मी अजूनही वर्गात सांगतो, आवाज सेकंदाला अकराशे फूट जातो. मुलं वहीत लिहून घेतात. माझ्या तोंडापासून आबांच्या कानापर्यंत अंतर एक वीत होतं, आणि दाजिबाकाकांचं वाक्य ते शेवटपर्यंत ओलांडू शकलं नाही.

दाजिबाकाकांना त्यांची काठी मी द्यायची आहे. आणि आबांनी त्यांना माफी नाकारली नव्हती, आबांना ती कोणी विचारलीच नव्हती, हेही सांगायचं आहे. दोन्ही अजून माझ्याकडेच आहेत.